पाखरांची पाणपोई : जीवदयेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

जीवदयेचा इतिहास सांगू लागले की आपल्यापुढे प्रथम पांजरापोळ उभी राहते, मग कबुतरांचा चबुतरा, मग ज्वारीची पोती. पाण्याचे भांडे सहसा उभे राहत नाही. ते अंगणाच्या कोपऱ्यात असते, मातीचे असते, एखादा उन्हाळा काढून फुटून जाते. त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही आणि संस्थेच्या जमाखर्चात त्याची वेगळी नोंद होत नाही. त्यामुळे पाखरांसाठी ठेवलेल्या पाण्याचा इतिहास आपल्याला अनेक ठिकाणांहून तुकड्यातुकड्यांनी गोळा करावा लागतो. प्रस्तुत लेखात तसा अल्प प्रयत्न केला आहे.

या स्मरणिकेसाठी हाच विषय घेण्यास एक निकडीचे कारणही आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई महानगरपालिकेने शहरातील कबुतरखाने बंद करण्याची कारवाई केली. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, समाजबांधव रस्त्यावर आले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मुंबईबाहेरच्या जैन घरांतूनही त्यावर हळहळ व्यक्त झाली, वादही झाले. परंतु त्या साऱ्या चर्चेत बोलणे होते ते दाण्यांविषयी. पाखरांना दाणा घालणे म्हणजेच जीवदया, असे समीकरण दोन्ही बाजूंनी जणू मान्यच करून टाकले होते. इतिहास पाहता ते समीकरण अपुरे आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

गिरनार हे नाव उच्चारताच भगवान नेमिनाथांचे स्मरण होते. विवाहाच्या मेजवानीसाठी बाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला आणि वरातीचा रथ तेथूनच मागे वळला, ही कथा आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. त्याच पर्वताकडे जुनागढहून जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. यात्रेकरूंपैकी बरेच जण तिच्यावरून पुढे निघून जातात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने या शिळेवर आपल्या चौदा आज्ञा कोरविल्या. त्यांतील दुसऱ्या आज्ञेत तो सांगतो की, माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा त्याने सुरू केली, औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून लावविल्या, वाटांवर विहिरी खोदविल्या आणि झाडे लावविली. आणि हे सर्व पशू व माणसे या दोहोंच्या उपभोगासाठी. त्याच्या सातव्या स्तंभलेखात वाटेवर ठिकठिकाणी पाणी पिण्याच्या जागा केल्याचा उल्लेख आहे. त्याही पशूंसाठी आणि माणसांसाठी. पाचव्या स्तंभलेखात अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची जी यादी आहे, तिची सुरुवातच पोपट आणि साळुंकी यांनी होते. अशोक हा बौद्ध उपासक होता. त्याला आपल्या पंगतीत ओढण्याचा मोह टाळलेला बरा. पण माणूस आणि पशू यांना एकाच वाक्यात, एकाच काठावर बसविणारी गोष्ट पाणी ही होती, हे त्या शिळेवरून स्पष्ट दिसते.

या शिळेची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. अशोकानंतर तिच्यावर इ. स. १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनाचा आणि पाचव्या शतकात गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातील लेख कोरले गेले. दोन्ही लेख जवळच्या सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याचे आहेत. म्हणजे सुमारे सातशे वर्षांत ज्याला ज्याला या दगडावर काही लिहावेसे वाटले, त्याने पाण्याविषयी लिहिले.

आपल्या महाराष्ट्रातही असा पुरावा आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखात नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा बांधल्याची नोंद सापडते. प्रपा म्हणजे पाणी पाजण्याची जागा. गुजरातीतील परब आणि आपली पोई यांचे नाते याच शब्दाशी लावले जाते.

आता आपल्या आगमांकडे वळू. पाण्याच्या दानाची सर्वांत विलक्षण कथा ज्ञाताधर्मकथा या अंगग्रंथात आहे आणि ती ऐकताना दात्याला थोडे अस्वस्थ व्हावे लागते. राजगृह नगरीत नंद नावाचा मणिकार राहत होता. तो भगवान महावीरांचा श्रावक होता. ज्येष्ठ महिन्याच्या कडक उन्हाळ्यात त्याने तीन उपवासांचे व्रत घेऊन पौषधशाळेत मुक्काम केला. तहानेने जीव कासावीस झाला, तेव्हा त्याच्या मनात आले की, ज्यांनी नगराबाहेर विहिरी-तळी बांधली ते लोक धन्य होत. व्रत पूर्ण होताच त्याने श्रेणिक राजाची अनुमती घेतली आणि वैभार पर्वताच्या पायथ्याजवळ एक सुंदर पुष्करिणी खोदविली. तिच्या चार दिशांना चार उद्याने लावली. त्यांत चित्रसभा, अन्नछत्र, चिकित्सालय, असे सर्व काही उभारले. लोक येत, पाणी पीत, सावलीत बसत आणि नंदाची स्तुती करीत. ती स्तुती ऐकून नंद सुखावत असे. पुढे त्याला अनेक व्याधी जडल्या. मृत्यूसमयी त्याचे मन त्या पुष्करिणीतच गुंतले होते; परिणामी तो त्याच पुष्करिणीत बेडूक होऊन जन्मला.

कथा येथे संपत नाही. काठावर बसलेले लोक अजूनही ‘धन्य तो नंद’ असे म्हणत असत. ते शब्द वारंवार कानी पडून त्या बेडकाला पूर्वजन्माचे स्मरण झाले. त्याने पुन्हा मनोमन व्रते स्वीकारली. भगवान महावीर राजगृहास आल्याचे समजताच तो दर्शनास निघाला आणि वाटेत श्रेणिकाच्या लवाजम्यातील घोड्याच्या पायाखाली सापडला. शुभ भावात देह सोडून तो देव झाला. दिगंबर परंपरेतही राजगृहाच्या या बेडकाला मानाचे स्थान आहे. तेथे तो पूजेसाठी फूल घेऊन निघालेला असतो; रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी त्याचे उदाहरण दिले आहे. तपशील वेगळे असले, तरी बेडूक दोन्हीकडे तोच म्हणावयास हरकत नाही.

नंदाची पुष्करिणी वाईट होती, असे ग्रंथकार कोठेही म्हणत नाहीत. तहानलेल्यांना तिच्यात पाणी मिळतच होते. दोष पाण्यात नव्हता, तर पाण्यात आपले प्रतिबिंब पाहण्यात होता. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची नामावली असते. तिच्या शेजारच्याच पानावर ही कथा छापण्याचे धैर्य संपादक मंडळाने दाखविले, तर त्यांचे अभिनंदनच करावे लागेल.

मध्ययुगात येताच पाखरांविषयीचे पुरावे अधिक ठसठशीत होतात, आणि मौज अशी की त्यांतील काही उत्तम नोंदी परदेशी प्रवाशांच्या आहेत. आपल्याला जे नित्याचे वाटते ते आपण लिहून ठेवत नाही. परक्याला ते अजब वाटते, म्हणून तो लिहितो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस भारतात फिरलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने खंबायतबद्दल लिहिताना नमूद केले आहे की, येथे कोणी जीव मारत नाहीत, लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी इस्पितळे आहेत आणि मुंग्यांनाही अन्न घातले जाते. याच काळात, १५८३ साली, आचार्य हीरविजयसूरी फतेहपूर सिक्री येथे अकबर बादशहाला भेटले. पर्युषणाच्या दिवसांत हत्याबंदी झाली आणि पिंजऱ्यातील पक्षी मुक्त करण्यात आले, हे श्वेतांबर परंपरेतील चरित्रग्रंथांत आदराने वर्णिलेले आहे.

खंबायतची सर्वांत जिवंत नोंद मात्र पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या प्रवाशाची आहे. १६२३ साली तो तेथे गेला असता त्याने मुद्दाम पाखरांचे इस्पितळ पाहिले. लहानशा खोलीत आजारी, पंगू, जोडीदार गमावलेले असे नाना तऱ्हेचे पक्षी त्याला दिसले. तेथेच पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा लावून बसला होता. त्याने कापूस घातलेल्या पेटीत आईवेगळी उंदराची पिले ठेवली होती आणि पिसाच्या टोकाने तो त्यांना दूध पाजत होता. चारशे वर्षांपूर्वीचे हे चित्र वाचताना त्या अनामिक वृद्धापुढे मान लवते. त्या प्रवाशाने आणखी एक गोष्ट टिपली आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची ठरते. बरे झालेले पाळीव पक्षी एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या स्वाधीन केले जात. रानपाखरे मात्र मोकळी सोडली जात. म्हणजे रानातले पाखरू आपल्याजवळ ठेवून घेणे ही दया नव्हे, हा विवेक त्या काळीही होता. दिल्लीच्या चांदणी चौकातील, लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय (त्याची परंपरा १९२९ पासूनची आहे) याच विवेकाने चालत आले आहे.

मग दाण्याला एवढे माहात्म्य कसे आले? गुजरातच्या शहरांतील चबुतरा पाहिला की उत्तराचा एक भाग हाती लागतो. एका उंच खांबावर तोललेली, बहुधा अष्टकोनी, कोरीव काम केलेली छत्री. खांब गुळगुळीत, जेणेकरून मांजर वर चढू नये. आणि वर दाण्यांसाठी जागा. अहमदाबादच्या पोळांमधून हे चबुतरे आजही उभे आहेत. २०१७ साली युनेस्कोने त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा त्याच्या वैशिष्ट्यांत पाखरांना दाणा घालण्याच्या या वास्तूंचा आवर्जून उल्लेख केला. चबुतरा ही पोळाची शोभा होती, महाजनाची प्रतिष्ठा होती. पांजरापोळांसाठी व्यापारी महाजन मालाच्या खरेदी-विक्रीवर लागा बसवीत. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तीही व्यापारी समाजाच्या अशाच आधारावर. लाग्याच्या पैशातून धान्य घेता येते, मणांनी मोजता येते, वहीत लिहिता येते, पुढच्या पिढीसाठी ठेव म्हणून नेमता येते. पाण्याचे तसे नाही. पाण्याला पैसा लागत नाही. रोज सकाळी कोणीतरी उठून भांडे घासावे लागते. ज्या दानाला पैशापेक्षा हातांची गरज अधिक, ते घरातील स्त्रियांकडे गेले आणि वहीतून सुटले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राजस्थानात उन्हाळ्यात झाडांना टांगण्याचे मातीचे परिंडे, आपल्याकडे तुळशीजवळची पाण्याची वाटी किंवा परळ, हे सारे त्या न लिहिलेल्या वहीचेच कागद होत.

पाण्याचे दान सार्वजनिक झाले ते प्याऊच्या रूपाने. मुंबईत एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी दगडी प्याऊ बांधले. कच्छी दसा ओसवाल समाजातील शेठ केशवजी नायक यांच्या नावाचे कारंजे १८७६ साली मशीद बंदर भागात उभे राहिले. शत्रुंजयावरील त्यांच्या टूकेमुळे हे नाव पालिताण्याच्या यात्रेकरूंना परिचित आहेच. खुद्द दादरचा कबुतरखाना १९३३ साली मुळात कारंजे म्हणून बांधला गेला, असे सांगतात. पाण्याच्या जागी दाणा आला आणि पुढे त्या वास्तूला लोक दाण्यांवरूनच ओळखू लागले.

दाण्याने काय घडले, हे स्पष्ट बोलले पाहिजे. कबुतर हा मूळचा कडेकपारींचा पक्षी. शहरातील उंच इमारतींचे सज्जे त्याला कड्यांसारखेच वाटतात. तो जवळजवळ पूर्णपणे दाण्यांवर जगतो आणि दाणा बारमाही मिळाला तर जवळजवळ बारमाही पिले वाढवितो. मग एका जागी शेकडो पक्षी जमतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. अशा दाटीत पाखरांमध्येही रोग पसरतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. त्यात कबुतरांची संख्या वाढत असल्याचे आणि इतर अनेक जाती घटत असल्याचे दिसते. कबुतराचा यात अपराध काहीच नाही. भगवान शांतिनाथांच्या पूर्वभवात मेघरथ राजाने आपल्या मांडीचे मांस देऊन ज्याला वाचविले ते कबुतरच होते. त्याच्याविषयी आपल्या मनात ममत्व असणारच. पण मेघरथाने शरण आलेल्या एका भयभीत जिवाला अभय दिले होते. हजारोंचा थवा एका चौकात बोलावणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला त्या कथेचा आधार देता येईल असे वाटत नाही.

दाणा घालूनही ज्यांनी पाण्याकडे दुर्लक्ष केले नाही, असे एक गाव राजस्थानात फलोदीजवळ आहे. त्याचे नाव खीचन. दर हिवाळ्यात मध्य आशियाकडून तेथे कुरजा, म्हणजे आपल्याकडील कांड्या करकोचा, हजारोंच्या संख्येने उतरतात. गावातील ओसवाल जैनांनी त्यांच्यासाठी चुग्गाघर चालविले आणि सकाळी तेथे ज्वारी टाकण्याचा परिपाठ ठेवला. तो सोहळा पाहावयास देशोदेशींचे लोक येतात. परंतु पाखरे दाणा खाऊन जातात कोठे? गावच्या तळ्यांवर. जून २०२५ मध्ये खीचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले, ते रात्री नदी आणि विजयसागर तलाव या दोन जलस्थानांच्या नावाने. ज्या गावाची कीर्ती दाण्याने झाली, त्याला जगाने जो दर्जा दिला तो पाण्यामुळे.

ही झाली मोठ्या पाखरांची, मोठ्या तळ्यांची गोष्ट. आपल्या बंगल्याच्या बागेत, मंदिराच्या आवारात किंवा सदनिकेच्या गच्चीत काय करता येईल, याचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आपल्या परिसरातील बहुतेक पाखरे दाणे खातच नाहीत. बुलबुल आणि तांबट फळांवर जगतात. दयाळ, नाचण, शिंपी, वटवट्या हे किडे टिपतात. शिंजीर फुलांतील मध घेतो. हळद्या झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरत नाही. या सर्वांसाठी पोतेभर ज्वारी ओतली तरी तिचा त्यांना काही उपयोग नाही. पण एक पसरट भांडे पाणी भरून ठेवले तर यांपैकी बहुतेक जण आज ना उद्या तेथे येतात. पक्ष्यांना घाम येत नाही. उन्हाळ्यात ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि त्या वाफेवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकतात. तेव्हा शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. कोरडे दाणे खाणाऱ्यांना तर अन्नातून पाणी मिळतच नाही, त्यामुळे चिमणी आणि होला यांची गरज अधिक. पिणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे स्नान. मळलेली, धुळीने जड झालेली पिसे उडण्यास व ऊब राखण्यास कामी येत नाहीत. म्हणून पाखरू अंघोळ करते आणि मग फांदीवर बसून एकेक पीस चोचीने नीट लावते.

भांडे कसे असावे, याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण उत्साहाने ठेवलेली कित्येक भांडी कोरडीच पडून असतात, किंवा त्यांवर एकही पाखरू फिरकत नाही. मातीचे पसरट परळ सर्वांत उत्तम. त्याच्या छिद्रांतून पाणी झिरपून थंड राहते आणि खरबरीत कडेवर नखे पकड घेतात. स्टीलचे भांडे उन्हात तापते, चिनी मातीचे गुळगुळीत असल्याने पाय घसरतो. खोली दीड-दोन इंचांहून अधिक नको. मधोमध एखादा चपटा दगड पाण्याबाहेर डोके काढून असावा, म्हणजे शिंजिराएवढ्या पाखरालाही भीती वाटत नाही आणि पडलेली मधमाशी त्यावर चढून वाचते. भांडे सावलीत, परंतु दाट झुडपाला चिकटून नको. तेथे मांजर दबा धरते. झुडूप सात-आठ फुटांवर असावे, इतके की ओल्या पंखांनी पाखरू तेथवर सहज पोचेल. जमिनीपासून थोडे उंच ठेवल्यास अधिक बरे. चबुतऱ्याचा खांब गुळगुळीत ठेवणाऱ्या जुन्या सुतारांना हे सारे ठाऊक होते.

येथे आपल्या समाजात एक रास्त शंका नेहमी विचारली जाते. पाणी हेच मुळी अपकाय जीव. गाळलेल्या पाण्यातही दोन घटिकांनंतर, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर, पुन्हा जीवोत्पत्ती मानली आहे. मग दिवसभर उघडे पाणी ठेवणे हे हिंसेला निमंत्रण नव्हे काय? शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उघड्या साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. एक-दोन दिवसांत त्यांतून अळ्या निघतात आणि आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत, डास उडू लागतो. अळ्या झाल्यावर पाणी ओतावे तर त्रस जिवांची हिंसा, न ओतावे तर शेजाऱ्यांना डेंग्यूचा ताप. यावर उपाय एकच, तो म्हणजे अळी होण्याची वेळच येऊ न देणे. रोज सकाळी पाणी बदलावे आणि भांडे काथ्याने घासावे, कारण डासांच्या काही जातींची अंडी कडेला चिकटून राहतात. दोन परळे असावीत. एक वापरात, एक उन्हात वाळत. पारव्या-होल्यांच्या घशाचा एक रोग दूषित पाण्यातून पसरतो, त्यालाही हाच आळा आहे. जुने पाणी गटारात न ओतता झाडाच्या मुळाशी, सावलीतल्या मातीत सावकाश सोडावे. पाणी गाळल्यानंतर गाळण्यातील जीव ज्या विहिरीतून पाणी काढले तिच्यातच अलगद परत सोडण्याचा जिवाणीचा आचार आपल्या आजीच्या पिढीने पाळला. नळाच्या पाण्याला विहीर उरली नाही, पण हात सावकाश ठेवण्याची ती सवय येथे कामी येते. आणि परळात लिटरभर पाणी पुरते. टाकीभर लागत नाही. श्रावकाच्या व्रतात जी यतना सांगितली आहे, तिचा अभ्यास करण्यास एवढे भांडे पुष्कळ आहे.

दुसरी शंका मांसाहारी पाखरांची. भांड्यावर एखादे दिवशी शिक्रा येईल, भारद्वाज येईल, कावळा तर येईलच. त्यांना हाकलावे का? दिल्लीच्या पक्षी रुग्णालयात शिकारी पक्ष्यांना इतरांबरोबर ठेवून घेत नाहीत, पण त्यांच्यावर उपचार नाकारतही नाहीत. पाण्याच्या बाबतीत तर प्रश्न अधिक सोपा आहे. शिक्र्याला अन्न द्यावयाचे तर दुसऱ्या जिवाची हत्या आली. पाणी देताना कोणाचे काही हिरावून घ्यावे लागत नाही. तो प्यायला बसला की बाकीची पाखरे दूर फांद्यांवर गप्प राहतात आणि तो उडाला की पुन्हा उतरतात. आपण मध्ये पडण्याचे कारण नाही.

नव्याने परळ मांडणाऱ्यास एवढे सांगितले पाहिजे की घाई करू नये. कबुतरखान्यावर मूठभर दाणे टाकताच थवा पायाशी येतो. येथे तसे होत नाही. पहिले काही दिवस कोणीच येत नाही. मग कावळा येतो आणि बहुधा पोळीचा वाळका तुकडा त्यात भिजवून पाणी खराब करून जातो. भांडे पुन्हा घासावे लागते. साळुंक्या जोडीने येतात आणि अर्धे पाणी बाहेर उडवतात. सातभाई कलकलाट करीत टोळीने येतात. होला कडेला बसून चोच पाण्यात बुडवतो आणि मान वर न करता ओढून घेतो, बाकीचे घोट घेऊन मान वर करतात. हा फरक मुलांना दाखविण्याजोगा आहे. बुलबुल येऊ लागले की भांड्याची जागा पाखरांनी मान्य केली, असे समजावे. त्यानंतर कधीतरी दयाळ येतो, तो बहुधा सकाळी लवकर किंवा अगदी तिन्हीसांजेला. चिमणीहूनही लहान, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला हिरवट-पिवळा चष्मेवाला मात्र भर दुपारी, बागेत कोणीच नसताना उतरतो, घाईघाईने दोन बुडक्या मारतो आणि कोणाच्या नजरेस पडण्यापूर्वी पानांत नाहीसा होतो.